संबंधांच्या वेळी होणारी वेदना निमूटपणे सोसू नका

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय 31, लग्नाला पाच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असल्याचं कळलं, तेव्हाच डाव्या अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढली. तेव्हापासून डायनोजेस्ट या हॉर्मोनची 2 मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे. पाळी जवळपास थांबली आहे, महिन्याचं दुखणंही पुष्कळ कमी झालंय. पण संबंधांच्या वेळी आत खोलवर कळ येते, अलीकडे तर सुरुवातीलाच आग होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओटीपोट ठणकत राहतं. नवऱ्याला हे त्यांनी नीट सांगितलेलं नाही. श्वास रोखून, चादर मुठीत धरून त्या वेळ निभावून नेतात. त्याला काहीतरी जाणवतं आणि आता तोही जवळ यायला कचरतो. ताजी सोनोग्राफी नॉर्मल आली आहे. घरचे म्हणतात, मूल झालं की सगळं बरं होईल. त्या विचारतात: हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? पुन्हा ऑपरेशन करून घेऊ का? की नातं टिकवायचं तर एवढं सोसायलाच हवं?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. नाही, सोसायला नको. सोसल्याने तुमचा त्रास अवघड होत चालला आहे, आणि त्याची खूण तुमच्याच पत्रात आहे. आधी फक्त खोलवर दुखत होतं, आता सुरुवातीलाच आग होते. हा बदल का झाला ते समजून घ्या.

ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढे जननेंद्रियाच्या वरच्या हाडापर्यंत, स्नायूंचा एक पट्टा असतो. योनी, मूत्रमार्ग आणि गुदद्वार त्यातूनच जातात. डोळ्याजवळ काही आलं की पापणी आपोआप मिटते, तसा हा पट्टा वेदनेची चाहूल लागताच आवळतो. तुम्ही श्वास रोखता, मुठी वळता, त्याच क्षणी हे स्नायूही घट्ट होतात. आवळलेल्या स्नायूंमधून प्रवेश झाला की घर्षण वाढतं, योनीच्या दाराशीच आग होते. पुढच्या वेळी शरीर त्याच्याही आधी आवळतं. असं महिनोन् महिने चाललं की मूळ आजार औषधाने शांत असला तरी स्नायूंचं दुखणं स्वतंत्रपणे चालू राहतं. मज्जासंस्थाही जास्त संवेदनशील होते आणि साध्या स्पर्शालाही ती वेदना समजू लागते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: हे मनाचे खेळ नाहीत. भीतीचा यात वाटा आहे, पण ती भीती वेदनेतून आलेली आहे आणि स्नायूंत बोटाने चाचपता येते.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आत काही नाही, असं म्हणता येत नाही. पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेले या आजाराचे काही मिलिमीटरचे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांमध्ये किंवा योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये खोल गेलेल्या गाठी दिसू शकतात, पण त्यासाठी या आजाराची सोनोग्राफी करण्याचा सराव असलेले डॉक्टर लागतात. योनीमार्गातून केलेल्या तपासणीत गर्भाशय गुदाशयावरून मोकळेपणाने सरकतं की चिकटलेलं आहे हेही पाहता येतं. ते मुद्दाम पाहायला सांगा. आणि एक लक्षात असू द्या: आजाराची जी पहिली ते चौथी पायरी कागदावर लिहितात, तिचा वेदनेच्या तीव्रतेशी फारसा मेळ बसत नाही. थोड्याशा ठिपक्यांनी बेजार झालेल्या बायका आहेत आणि मोठमोठ्या गाठी असून काहीच न दुखणाऱ्याही आहेत. खोलवरच्या दुखण्यात जागा महत्त्वाची. गर्भाशयामागच्या बंधांवर आजार असेल तर दाब थेट तिथेच पडतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमचं दुखणं नेमकं कुठलं आहे ते वेगळं करणं. 'संबंधांच्या वेळी दुखतं' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. वहीत दोन महिने नोंद ठेवा: कधी दुखलं (प्रवेशाच्या क्षणी, खोल गेल्यावर की नंतर), कुठे (दाराशी, डावीकडे, मागे गुदाशयाच्या बाजूला), 0 ते 10 मध्ये किती, किती तास टिकलं, त्या दिवशी स्पॉटिंग किंवा बद्धकोष्ठता होती का. लघवी-शौचाच्या वेळी दुखत असेल तर तेही लिहा. यासाठी संबंध ठेवायची अजिबात गरज नाही. गेल्या काही महिन्यांचं आठवून लिहा, आणि पुढच्या नोंदी बसताना, चालताना, शौचाला जाताना जे जाणवेल त्याच्या ठेवा.

तपासणीला जाल तेव्हा घाईघाईची नेहमीची तपासणी नको, असं आधीच सांगा. क्रम असा हवा: आधी योनीच्या दाराशी कापसाच्या काडीने हलका स्पर्श करून कुठे आग होते ते पाहणं. मग एकच बोट घालून दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर दाब. त्यानंतर मूत्राशयाची बाजू, आणि सर्वांत शेवटी मागचे बंध आणि गर्भाशय. प्रत्येक ठिकाणी 'घरी दुखतं ते हेच का?' असं तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे. तुम्ही हात वर केलात की तपासणी थांबेल, हेही आधी ठरवून घ्या. स्पेक्युलम (योनी उघडून धरणारं उपकरण) घालून सुरुवात केली तर सगळं एकदमच दुखतं आणि काहीच वेगळं कळत नाही.

आता औषधाकडे वळू. डायनोजेस्टने तुमची पाळी शांत केली, हे चांगलंच झालं. पण या गोळीने शरीरातलं इस्ट्रोजेन काही प्रमाणात उतरतं, आणि काही जणींना योनीत कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते, मन उदास राहतं. तुमची आग गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी वाढली का, ते आठवून पाहा. तसं असेल तर डॉक्टरांशी पर्यायांबद्दल बोला: नॉरएथिस्टेरॉन ही दुसरी हॉर्मोनची गोळी, खंड न पाडता घ्यायची संयुक्त गर्भनिरोधक गोळी, किंवा गर्भाशयात बसवायची, 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हॉर्मोन असलेली हॉर्मोनल कॉइल. संयुक्त गोळी सगळ्यांना चालत नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणारं दिसत असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल तर ती टाळतात. पाळी पूर्ण बंद पाडणारी जीएनआरएच प्रकारची इंजेक्शनं वेदनेवर प्रभावी असतात, पण कोरडेपणा आणखी वाढवतात आणि हाडं ठिसूळ करतात, म्हणून त्यांच्यासोबत थोडं हॉर्मोन परत द्यावं लागतं. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. आणि हो, डायनोजेस्टला गर्भनिरोधक म्हणून मान्यता नाही. मूल नको असेल तोवर काँडोम वापरा.

काँडोम आला की वंगणाचा प्रश्न येतो, आणि तिथे बऱ्याच जणी चुकतात. तेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल यांनी लॅटेक्सचा काँडोम कमजोर होऊन फाटू शकतो. पाण्याचं बेस असलेलं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्या. पाण्याचं लवकर सुकतं, ते मधेच पुन्हा लावावं लागतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं. सुगंध, चव, गरम किंवा थंड वाटण्याचा परिणाम असलं काही त्यात नको, आधीच चुरचुरणाऱ्या त्वचेला ते आणखी झोंबतं. योनी आतून धुणं, सुगंधी साबण, वॉश हेही बंद. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू कराल तेव्हा हेच ल्युब्रिकंट चालवू नका. नेहमीची बरीच ल्युब्रिकंट्स शुक्राणूंची हालचाल मंदावतात, त्यासाठी वेगळी मिळतात.

आता नवऱ्याशी बोलण्याविषयी. गप्प राहिलं तर नातं टिकेल, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुमच्या गप्प राहण्याने त्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करून पाहा. तुमचं शरीर ताठरतं हे त्याला दिसतं, कारण माहीत नाही. अशा वेळी माणूस दोनच अर्थ लावतो: मी नकोसा झालोय, किंवा मी हिला दुखवतोय. दोन्हींचा परिणाम एकच, तो लांब होतो. तुम्हाला तो तुटकपणा वाटतो, त्याला नकार वाटतो. बोलायचं ते अंथरुणात नको आणि संबंधांच्या आधी किंवा नंतर लगेच तर नकोच. दिवसा, कपड्यांत, चालता-बोलता बोला. शब्द सुचत नसतील तर असं काहीसं:

"मला तू हवा आहेस, ते बदललेलं नाही. पण आत गेल्यावर खूप दुखतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. हे माझ्या आजारामुळे आहे. मी आजवर सांगितलं नाही, कारण तू दुखावशील असं वाटायचं. आता काही आठवडे आपण प्रवेश पूर्ण बंद ठेवूया आणि जवळ येण्याचे बाकी सगळे मार्ग चालू ठेवूया."

शेवटच्या वाक्यातले दोन्ही भाग एकत्रच सांगा. पहिलाच भाग कानावर पडला तर शिक्षा वाटेल. पुढच्या डॉक्टरभेटीला त्याला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पुष्कळ गैरसमज जागच्या जागी मिटतात. हे सगळं तो ऐकणारा माणूस आहे, हे धरून लिहिते आहे. नकार दिल्यावर जो जबरदस्ती करतो, त्याच्याबाबतीत यातलं काहीच लागू नाही. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता आणि बाहेरची मदत.

सहा आठवडे प्रवेश बंद, असं स्पष्ट ठरवा. 'जमलं तर बघू' असं ठेवलं तर प्रत्येक मिठीच्या वेळी 'आता पुढे काय' ही धास्ती तशीच राहते आणि स्नायू आवळलेलेच राहतात. कुरवाळणं, चुंबन, हाताने-तोंडाने सुख देणं-घेणं हेही शरीरसंबंधच आहेत, त्यांना कमी लेखू नका. काही जणींना परमोच्च सुखानंतर गर्भाशय आकुंचन पावल्याने कळा येतात. तसं होत असेल तर वहीत लिहा, डॉक्टरांना सांगा आणि त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी जवळ ठेवा.

या सहा आठवड्यांत स्नायूंवर काम करायचं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या तर उत्तमच. मिळेपर्यंत घरी रोज दोनदा, पाच ते दहा मिनिटं: पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, आणि त्याच वेळी लघवी सुरू होताना जसं खाली सैल सुटतं तसं जाणवू द्या. जोर लावून ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. सहा आकडे मोजत श्वास बाहेर. पहिले काही दिवस खाली काहीच जाणवत नाही. नंतर श्वास आत घेताना तळ किंचित खाली उतरतोय असं कळू लागतं. तोच क्षण पकडायचा आहे. जोडीला बालासन, किंवा पाठीवर झोपून दोन्ही गुडघे रुंद करून छातीशी घेणं, एकेक मिनिट. बद्धकोष्ठता असेल तर ती आधी सोडवा. कुंथण्याने हेच स्नायू बिघडतात, आणि भरलेला गुदाशय नेमका दुखऱ्या जागेवर मागून दाब देतो.

एक सूचना ठळकपणे: केगेलचे व्यायाम करू नका. 'स्त्रियांनी केगेल करावेत' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ते स्नायू आवळण्याचे व्यायाम आहेत. तुमचे स्नायू आधीच आवळलेले आहेत. अशा वेळी केगेलने आग आणि ठणका वाढतो.

श्वासाचा सराव बसला, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, की स्वतःच्या बोटाने सुरुवात करा. नख कापलेलं, हात धुतलेले, भरपूर वंगण. फक्त पहिल्या पेरापर्यंत आत न्या आणि नुसतं थांबा. पाच-सहा श्वास घ्या. मग बोट हळूच गुदद्वाराच्या दिशेला, नंतर डावीकडे, उजवीकडे टेकवा. जिथे दुखरी दोरीसारखी कड लागेल तिथे हलका दाब देऊन अर्धा ते एक मिनिट श्वास सोडत राहा. बऱ्याचदा बोटाखाली ती कड सैल पडल्याचं कळतं. वेदना 10 पैकी 3 च्या वर जाऊ द्यायची नाही. गेली तर मागे या, उद्या पुन्हा. मूत्रमार्गाच्या, म्हणजे वरच्या बाजूला दाब देऊ नका. त्यानंतर डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या वाढत्या आकाराच्या गुळगुळीत नळ्या, सर्वांत बारीक आकारापासून, आठवड्यातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं. एक आकार सलग काही वेळा आरामात जमला की मगच पुढचा. इथे सर्वांत जास्त घात होतो तो घाईने. एक दिवस छान गेला म्हणून दोन आकार पुढे उडी मारली की आठवडाभर मागे जावं लागतं.

परत प्रवेशाकडे वळाल तेव्हा खोली तुमच्या ताब्यात असू द्या. याचं शारीरिक कारण आहे. पुरेशी उत्तेजना आली की योनीचा वरचा भाग लांब-रुंद होतो आणि गर्भाशय वर उचललं जातं. घाई केली तर ते अजून खालीच असतं आणि धक्का थेट मागच्या दुखऱ्या बंधांवर बसतो. म्हणून वीसेक मिनिटं तरी द्या, ओलावा आला एवढ्यावर भिस्त ठेवू नका. कुशीवर, एकमेकांच्या मागे झोपून प्रवेश सहसा उथळ राहतो आणि मांड्याही सैल राहतात. मागून गुडघ्यांवर किंवा पाय छातीशी घेऊन केलेला संबंध सर्वांत खोल जातो, तो सध्या टाळा. तुम्ही वर असाल तर खोली तुम्ही ठरवता, पण मांड्यांवर ताण येऊन खालचे स्नायू आवळतात, हे लक्षात ठेवून हातांवर भार घ्या. खोली कमी करण्यासाठी लिंगाच्या मुळाशी बसवायच्या मऊ रिंगा मिळतात, एकावर एक चढवून किती आत जायचं ते ठरवता येतं. रिंगा नसल्या तर मुळाशी हाताची मूठ धरली तरी तेच काम होतं. पहिल्या काही वेळा आत गेल्यावर दोघांनीही हलायचं नाही, नुसता श्वास. 'थांब' म्हटलं की लगेच बाहेर, 'दोन मिनिटं अजून' नाही. तो खरंच थांबतो, हा अनुभव दोन-चारदा आला की शरीर आधीच आवळायचं सोडू लागतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर इबुप्रोफेनसारखी दाह कमी करणारी गोळी काहीतरी खाल्ल्यावर, संबंधांच्या अर्धा-पाऊण तास आधी घेता येते. जठराला व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. ती नंतरच्या ठणक्यासाठी वापरा, आत्ताचं दुखणं झाकून पुढे रेटण्यासाठी नको.

दुसऱ्या ऑपरेशनचं काय? तपासणीत मागे एखादी गाठ हाताला लागली, तिला स्पर्श केल्यावर 'घरी दुखतं ते हेच' असं तुम्ही म्हणालात, आणि औषध बदलूनही फरक पडला नाही, तर ऑपरेशनचा विचार योग्य आहे. गाठ काढल्यावर खोलवरचं दुखणं पुष्कळ जणींचं कमी होतं. पण आवळलेले स्नायू त्याने सुटत नाहीत, दाराशी होणारी आगही थांबत नाही. आजार परत येऊ शकतो, म्हणून नंतर मूल नको असेल तोवर हॉर्मोनचं औषध चालू ठेवतात. अंडाशयावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली की अंड्यांचा साठा घटतो, तेव्हा ऑपरेशनआधी एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. गाठ खोल असेल तर सर्जनना विचारा: मूत्राशय आणि योनीकडे जाणाऱ्या नसा वाचवून करणार का? अशी किती ऑपरेशनं करता? गुदाशयाला हात लावावा लागला तर सोबत कोण असेल? उत्तर देताना ते वैतागले, तर दुसरं मत घ्या.

तुमचं जगणं किती बिघडलंय हे मोजण्यासाठी या आजारासाठीच बनवलेली 'ईएचपी-30' नावाची प्रश्नावली आहे. वेदना, हतबलता, मनःस्थिती, आधार, स्वतःची प्रतिमा यांवर 30 प्रश्न आणि शरीरसंबंधांसाठी वेगळा भाग. गुण 0 ते 100, जितके कमी तितकं बरं. उपचार सुरू करताना आणि सहा महिन्यांनी भरली तर फरक नजरेला पडतो. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक गेली, तर समुपदेशकाकडे जा. वेदना खरी असतानाही मनाला मदत लागते.

अचानक असह्य दुखणं आणि उलट्या, दुखण्यासोबत ताप, पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला कळ किंवा चक्कर, यांत थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. संबंधांनंतर रक्त जात असेल, किंवा लघवी-शौचातून रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

राहता राहिला मुलाचा प्रश्न. गरोदरपण हा या आजाराचा इलाज नाही. पाळी बंद असते तोवर काही जणींना आराम पडतो, नंतर त्रास परतू शकतो. आजारावरचा उपाय म्हणून गरोदर राहा असं सांगू नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही म्हणतात. मूल तुम्हा दोघांना हवं असेल तेव्हा जरूर व्हावं. एंडोमेट्रिऑसिस असूनही पुष्कळ जणी आपसूक गरोदर राहतात. ठरवलंत की डायनोजेस्ट थांबवण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण गोळी थांबली की वेदना परत येऊ शकते आणि नेमक्या त्याच महिन्यांत वारंवार संबंध ठेवायचा दबाव येतो. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ महत्त्वाचा असतो, त्यात दर दोन-तीन दिवसांनी संबंध पुरतात. तेवढंही दुखून होत असेल तर आययूआयसारखे (नवऱ्याचं वीर्य दवाखान्यात थेट गर्भाशयात सोडण्याचे) मार्ग आहेत. ते आधी विचारून ठेवा, म्हणजे मूल हवं म्हणून पुन्हा चादर मुठीत धरायची वेळ येणार नाही.